क्वार्टरबॅकची पहिली वर्षं : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

अमेरिकी कॉलेज फुटबॉल आणि त्यातली क्वार्टरबॅकची जागा यावर आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. बऱ्याच घरांतली मुलं शिकायला तिकडे गेलीत, शनिवारी रात्री फोनवर 'आज आमची मॅच आहे' असं ऐकू येतं, त्यातून ही पत्रं आलेली दिसतात. खेळ अगदीच नवा असेल त्यांच्यासाठी एवढंच: मैदान १०० यार्डांचं, दोन्ही टोकांना १०-१० यार्डांचा एंड झोन, एका बाजूला ११ खेळाडू. चार प्रयत्नांत, म्हणजे चार डाउनमध्ये, १० यार्ड पुढे सरकलं की नवे चार डाउन मिळतात. एंड झोनमध्ये बॉल पोचला की टचडाउन, ६ गुण. आणि जवळजवळ प्रत्येक डाउनला बॉल आधी येतो तो क्वार्टरबॅकच्या हातात.

प्रश्न: भाचा ओहायोत शिकतो. म्हणतो, 'या वर्षी आमचा क्वार्टरबॅक रेडशर्ट फ्रेशमन आहे.' शर्ट तर सगळ्या टीमचेच लाल दिसतात! आणि दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलाला फ्रेशमन का म्हणायचं? (मुलुंड)

इथे शर्टाच्या रंगाचा संबंध नाही. कॉलेजच्या खेळाडूला पाच वर्षांच्या मुदतीत चार हंगाम खेळता येतात, हा नियमाचा पाया. यातलं एक वर्ष नुसता सराव करायचा, मॅच खेळायची नाही, तर ते वर्ष 'रेडशर्ट'. हंगाम खर्ची पडत नाही. म्हणून पहिलं वर्ष असं काढलेला मुलगा दुसऱ्या वर्षात शिकत असला तरी खेळाच्या हिशोबात पहिल्याच वर्षाचा, म्हणजे रेडशर्ट फ्रेशमन.

२०१८ मध्ये नियम सैल झाला. आता चार मॅचपर्यंत खेळलं तरी रेडशर्ट टिकतो. मात्र मोजणी मॅचची आहे, मिनिटांची नाही. शेवटच्या मिनिटाला एक डाउन खेळला तरी मॅच खेळल्याची नोंद होते. टीम मोठ्या फरकाने पुढे असली की चौथ्या क्वार्टरमध्ये कोच नव्या पोराला आत पाठवतात ते याच हिशोबाने, चारांतली एक मॅच वापरायची म्हणून.

दोन घोटाळे टाळा. सरावात क्वार्टरबॅकला बहुतेक ठिकाणी वेगळ्या रंगाची जर्सी देतात, पुष्कळदा लालच. तिचा अर्थ 'याला पाडायचं नाही' इतकाच. दुसरं म्हणजे 'ज्युनिअर'. आपल्याकडे ज्युनिअर कॉलेज म्हणजे अकरावी-बारावी. तिकडे ज्युनिअर म्हणजे तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी, आणि ज्युनिअर कॉलेज म्हणजे बारावीनंतरचं दोन वर्षांचं कॉलेज. पुढच्या एका उत्तरात हे लागणार आहे.

प्रश्न: शाळेत पाच स्टार मिळालेला, सगळ्या देशाने नावाजलेला मुलगा कॉलेजात जाऊन वर्ष-दोन वर्षं बाकावर बसतो. एवढं शिकायचं असतं तरी काय? हात तर तोच असतो ना? (दादर)

हात तोच असतो. बदलतात ते समोरचे डोळे, आणि वेळ.

एकच डाउन जवळून पाहू. तिसरा डाउन, अजून ७ यार्ड हवे आहेत. प्ले क्लॉक, म्हणजे पुढचा डाउन सुरू करायचं घड्याळ, ४० सेकंदांचं. २०२४ पासून वरच्या गटातल्या टीमना क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये कोचचा आवाज ऐकवायची परवानगी आहे, पण घड्याळात १५ सेकंद उरले की तो आवाज बंद होतो. पुढचं सगळं मुलाने एकट्याने करायचं. प्ले, म्हणजे या डाउनची ठरलेली चाल, सांगायचा, माणसं जागेवर उभी करायची, कोणता लाइनबॅकर (बचावाच्या दुसऱ्या फळीतला गडी) अंगावर येणार ते ओळखून आपल्याला राखणाऱ्या पुढच्या पाच लाइनमनना दाखवायचं. मग सेफ्टी, म्हणजे सगळ्यांत मागे उभे राहणारे बचावपटू, मोजायचे. मधोमध एकच खोल उभा असेल तर बचाव एका तऱ्हेचा, दोघं असतील तर दुसऱ्या. खात्री करायला एका रिसीव्हरला, म्हणजे पास झेलणाऱ्याला, या टोकाकडून त्या टोकाकडे चालवायचं. त्याच्यामागे एक बचावपटू धावत गेला तर बहुधा माणसाला माणूस लावलाय. सगळे जागच्या जागी जरासे सरकले तर झोन, म्हणजे प्रत्येक जण आपापली जागा राखतोय.

आपल्या मुलाला दोन सेफ्टी दिसले. त्याने मनात ठरवलं: मधली जागा रिकामी आहे, १२ यार्डांवर आत वळणाऱ्या रिसीव्हरला द्यायचा. स्नॅप झाला, म्हणजे बॉल मागे त्याच्या हातात आला. त्याच क्षणी त्या दोघांतला एक सेफ्टी पुढे उतरून नेमका मध्ये येऊन उभा राहिला. दोन दिसत होते तो देखावाच होता. शाळेत असा देखावा फार कोणी करत नाही, आणि केला तरी उतरणारा मुलगा इतका चपळ नसतो. आपल्या गड्याने बॉल आधीच ठरवल्या जागी सोडलेला असतो. इंटरसेप्शन, पास समोरच्यांनीच झेलला. घरी टीव्हीसमोर सगळे म्हणतात, 'आंधळा आहे का, समोर माणूस उभा होता!' फेकायचं ठरलं तेव्हा तो तिथे नव्हता, हे रिप्लेत कळतं.

बाकावरचं वर्ष जातं ते यात. स्नॅपआधी जे वाचलं ते स्नॅपनंतरच्या पहिल्या दोन पावलांत पुन्हा तपासायचं, आणि ते पायांना बांधून घ्यायचं. शॉटगन नावाच्या मांडणीत क्वार्टरबॅक साधारण ५ यार्ड मागे उभा असतो. तिथून तीन पावलं मागे, तिसरं पाऊल टेकलं की पहिल्या रिसीव्हरकडे नजर. तो झाकलेला असेल तर छोटी उडी आणि दुसरा. आणखी एक उडी, तिसरा. तोही नसेल तर जवळ थांबलेल्या रनिंग बॅकला (बॉल घेऊन धावणाऱ्या गड्याला) सोपा पास देऊन मोकळं व्हायचं. हे सगळं तीनेक सेकंदांत. पाय वेळेच्या मागे पडले की डोळेही मागे पडतात, म्हणून चांगला कोच व्हिडिओत आधी पाय बघतो, हात नंतर.

नव्या मुलांच्या चुका ठरलेल्या असतात. पहिल्या रिसीव्हरकडे टक लावून बसणं, त्यामुळे सेफ्टीला पत्ता आयताच मिळतो. पहिला झाकलेला दिसताच घाबरून पळ काढणं; शाळेत त्या पळण्यावर ४० यार्ड मिळायचे, इथे ४ मिळतात. मागच्या पायावर रेलून फेकणं, मग बॉल रिसीव्हरच्या डोक्यावरून जातो. आणि सगळ्यांत महागडी चूक म्हणजे बॉल फेकून द्यायचा सोडून धरून ठेवणं. बॉल नियमात बाहेर फेकला तर एक डाउन जातो. धरून ठेवून पाडला गेलात तर डाउनही जातो, ७-८ यार्डही जातात.

प्रश्न: वर्तमानपत्रात क्वार्टरबॅकपुढे '१५२.०' असा आकडा होता. शंभराच्या वर टक्के कसे? (गिरगाव)

ते टक्के नव्हेत, पासर रेटिंग आहे. कॉलेजचं सूत्र असं: पासचे यार्ड गुणिले ८.४, त्यात टचडाउन गुणिले ३३०, त्यात पूर्ण झालेले पास गुणिले १००; यातून इंटरसेप्शन गुणिले २०० वजा. जे येईल त्याला एकूण फेकलेल्या पासांनी भागायचं. समजा ३० पास, २० पूर्ण, २५० यार्ड, २ टचडाउन, १ इंटरसेप्शन. २१०० अधिक ६६० अधिक २०००, वजा २००, म्हणजे ४५६०. भागिले ३०, उत्तर १५२.०. तुमच्या पेपरातला मुलगा असंच काहीसं खेळला असणार. एनएफएलचं, म्हणजे व्यावसायिक लीगचं, सूत्र वेगळं, तिथे कमाल आकडाच १५८.३ असतो. दोन्हींची तुलना करू नका.

पूर्ण पासांच्या टक्केवारीवर मात्र भाळू नका. वरच्याच मुलाने तेवढेच २० पास पूर्ण केले, पण सगळे जवळ जवळ टाकून १५० यार्ड काढले, ना टचडाउन ना इंटरसेप्शन, तर रेटिंग १०८.७ वर येतं. टक्केवारी दोन्हीकडे ६६.७. आम्ही नव्या क्वार्टरबॅकचा आधी दर पासामागे यार्डांचा आकडा बघतो, मग तिसऱ्या डाउनचा हिशोब.

आणखी एक गंमत. कॉलेजात क्वार्टरबॅकला मागे पाडलं तर ते यार्ड त्याच्या धावण्यातून वजा होतात. दहा वेळा धावून ६० यार्ड काढले आणि तीनदा पाडला जाऊन २४ गमावले, तर तक्त्यात १३ धावा, ३६ यार्ड दिसतात. म्हणजे चपळ पोरगा कागदावर मंद दिसतो.

प्रश्न: सुरुवातीला मागे पडलेले आणि नंतर मोठे झालेले असे कोण? मुलाला दाखवायचंय. (ठाणे)

टॉम ब्रेडीचं नाव सगळेच घेतात, पण त्याच्या कॉलेजची पाच वर्षं कोणी नीट बघत नाही. १९९५ ला मिशिगनला गेला, पहिलं वर्ष रेडशर्ट. १९९७ ला टीम अजिंक्य राहिली तेव्हा क्वार्टरबॅक होता ब्रायन ग्रीसी, ब्रेडी बाकावर. १९९८ ला जागा मिळाली, तर १९९९ ला ड्रू हेन्सनबरोबर वाटून घ्यावी लागली. काही मॅच अशा झाल्या की पहिला क्वार्टर ब्रेडी, दुसरा हेन्सन, आणि उरलेली मॅच कोण खेळणार ते कोच मध्यंतरात ठरवणार. २००० च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएफएल टीम आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, त्याचा नंबर १९९ वा लागला. पुढे सात सुपर बोल, म्हणजे एनएफएलचे अंतिम सामने, जिंकले.

मुलाला दाखवायला आमच्या मते जो बरो जास्त उपयोगी. ओहायो स्टेटमध्ये तीन वर्षं, एकदाही मुख्य जागा नाही. पण तेवढ्या काळात पदवी पूर्ण केली, आणि पदवीधराला कॉलेज बदलल्यावर एक वर्ष थांबावं लागत नसे, म्हणून २०१८ ला लुइझियाना स्टेटमध्ये जाऊन लगेच खेळला. पहिल्या हंगामात १६ टचडाउन पास, ५७.८ टक्के. बरा म्हणावा इतपत. २०१९ ला ६० टचडाउन पास, ७६.३ टक्के, वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूची हाइजमन ट्रॉफी, १५ पैकी १५ मॅच जिंकल्या. मधल्या काळात जादू झाली नाही. न्यू ऑर्लिन्सच्या एनएफएल टीममधून जो ब्रेडी नावाचा नवा कोच आला, पाचही रिसीव्हर एकदम पसरवून बॉल झटकन सोडायची पद्धत आली, आणि बाकावरच्या वर्षांत बचाव वाचायला शिकलेल्या मुलाला ती मानवली.

जेलन हर्ट्सची गोष्ट उलटी आहे. तो अलाबामात पहिल्याच वर्षी, २०१६ ला, मुख्य क्वार्टरबॅक झाला आणि टीमला अंतिम सामन्यात घेऊन गेला. पुढच्या मोसमाच्या अंतिम सामन्यात, जानेवारी २०१८ मध्ये, जॉर्जियासमोर टीम १३-० ने मागे असताना मध्यंतरात त्याला बसवलं. टुआ टागोवाइलोआ आला आणि सामना २६-२३ ने जिंकला. हर्ट्स तरीही एक वर्ष तिथेच राहिला. त्या डिसेंबरात, त्याच स्टेडियममध्ये, त्याच जॉर्जियासमोर टुआ जखमी झाला तेव्हा हर्ट्सने येऊन सामना काढून दिला. मग ओक्लाहोमा, मग ड्राफ्टमध्ये ५३ वा नंबर, आणि फेब्रुवारी २०२५ च्या सुपर बोलमध्ये सामनावीर.

जॉश ॲलनला शाळेतून बाहेर पडताना पहिल्या श्रेणीच्या एकाही कॉलेजने विचारलं नव्हतं. तो गेला कॅलिफोर्नियातल्या ज्युनिअर कॉलेजात (वर सांगितलं ते, बारावीनंतरचं), तिथून वायोमिंगला, आणि २०१८ च्या ड्राफ्टमध्ये सातवा.

प्रश्न: आता मुलं दरवर्षी कॉलेज बदलतात म्हणे. हे बरोबर आहे का? पैसे खरंच मिळतात? (विलेपार्ले)

ऑक्टोबर २०१८ मध्ये ट्रान्सफर पोर्टल सुरू झालं. ही फक्त एक यादी आहे. ठरावीक मुदतीत त्यात नाव घातलं की इतर कॉलेजांचे कोच मुलाशी बोलू शकतात. आधी कॉलेज बदललं की बहुतेकांना एक वर्ष बाहेर बसावं लागे. २०२१ पासून पहिल्या बदलाला ती अट गेली, २०२४ पासून अभ्यासात पास असेल तर कितीही वेळा.

रेडशर्ट आणि ट्रान्सफर मिळून काय होतं ते २०१८ लाच क्लेमसनमध्ये दिसलं. केली ब्रायंट मुख्य क्वार्टरबॅक होता. चार मॅच झाल्यावर कोचने जागा पहिल्या वर्षाच्या ट्रेव्हर लॉरेन्सला दिली. ब्रायंटने तिथेच टीम सोडली. पाचवी मॅच खेळलाच नाही, त्यामुळे हंगाम वाचला, आणि पुढच्या वर्षी तो मिझुरीकडून खेळला. लॉरेन्सने त्या हंगामाचं विजेतेपद मिळवलं. ब्रायंटला लोकांनी नावं ठेवली, पण त्याने नियम मोडला नव्हता, नीट वाचला होता.

पैसे मिळतात. १ जुलै २०२१ पासून खेळाडूला स्वतःच्या नावावर आणि चेहऱ्यावर जाहिरात करता येते. जुलै २०२५ पासून कॉलेजही थेट पैसे देऊ शकतं. पहिल्या वर्षाची मर्यादा एका कॉलेजच्या सगळ्या खेळांना मिळून सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. यात क्वार्टरबॅकचा घास मोठा असतो.

बरोबर-चूक आम्ही ठरवत नाही, पण बदलाची किंमत मात्र मोजायला हवी. तोच प्ले दुसऱ्या कॉलेजात दुसऱ्या नावाने ओळखला जातो, म्हणजे भाषा पुन्हा शिकायची. वसंत ऋतूतले सराव १५ च असतात. जानेवारीत आलेल्याला ते सगळे मिळतात, जूनमध्ये आलेल्याला एकही नाही. क्वार्टरबॅकने जायचं तर जानेवारीत जावं. आर्च मॅनिंग या नावाजलेल्या क्वार्टरबॅकला कुठूनही बोलावणं आलं असतं, तरी तो २०२३ ला टेक्ससला जाऊन क्विन युअर्सच्या मागे दोन हंगाम थांबला. एकच भाषा तीन वर्षं कानावर पडली, हा त्याचा फायदा.

प्रश्न: मुंबईत बसून मॅच किती वाजता पाहायची? (बोरिवली)

पूर्व अमेरिकेतल्या शनिवारी दुपारी १२ ची मॅच आपल्याकडे शनिवारी रात्री ९.३०. साडेतीनची रात्री १ वाजता. संध्याकाळी साडेसातची रविवारी पहाटे ५ ला, दूधवाला येतो तेव्हा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडे घड्याळं मागे जातात, त्यानंतर प्रत्येक वेळेत एक तास मिळवा. मॅच साडेतीन तास चालते असं धरूनच बसा.

प्रश्न: मुलगा दहावीत, शिवाजी पार्कवर क्रिकेट खेळतो. सीमारेषेवरून त्याचा थ्रो सरळ स्टंपवर येतो. क्वार्टरबॅक होऊ शकेल का? सुरुवात कशी करायची? (माहीम)

सुरुवात फ्लॅग फुटबॉलने करा. यात पाडापाडी नाही, कमरेला लटकवलेली पट्टी, म्हणजे फ्लॅग, ओढला की तो डाउन संपला. एका बाजूला ५ जण, मैदान ५० बाय २५ यार्ड आणि दोन एंड झोन. हेल्मेट, पॅड काही लागत नाही. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये हा खेळ आहे, आणि त्याला मंजुरी मिळाली ती आपल्या बीकेसीत, ऑक्टोबर २०२३ मध्ये इथे भरलेल्या ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात. त्याच बैठकीत क्रिकेटही आत आलं, म्हणून इकडे लक्ष कमी गेलं.

दहावीच्या मुलाला पूर्ण मापाचा बॉल चालतो: लांबी ११ इंच, वजन ४०० ते ४२५ ग्रॅम, हवा १२.५ ते १३.५ पीएसआय. तळहात लहान असेल तर एक माप खालचा, 'यूथ' लिहिलेला घ्या. मोठा बॉल मुठीत दाबून धरायची सवय लागली की जाता जात नाही. पावसाळ्यात चामड्याचा बॉल बाहेर काढू नका, फुगतो आणि जड होतो, रबरी वापरा.

क्रिकेटच्या थ्रोतलं अर्धं मोडावं लागेल. सीमारेषेवर धाव घेऊन हात मागे, खाली, लांब फिरवायला जागा असते. इथे समोर माणूस दोन हातांवर असतो. बॉल दोन्ही हातांत, छातीशी, फेकायच्या खांद्याजवळ. तिथून मागे नेताना तो खाली जाता कामा नये.

पकड अशी: करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट लेसवर, तर्जनी लेसच्या पुढे टोकाच्या बाजूला, अंगठा खालून. तळहात आणि बॉल यांच्यामध्ये फट दिसली पाहिजे. आधी एक गुडघा टेकून ५ ते ७ यार्डांवर २० थ्रो, फक्त मनगट आणि बोटांसाठी. मग उभं राहून १० यार्डांवर २०. हे आठवड्यातून तीन दिवस पुरे; त्याच दिवशी नेटमध्ये बोलिंग असेल तर खांद्याला सुट्टी द्या. बॉल हवेत डगमगत गेला तर शेवटी तर्जनी सुटत नाहीये. थ्रो संपल्यावर अंगठा खाली, विरुद्ध खिशाकडे वळलेला दिसायला हवा. बॉल सारखा उंच जात असेल तर पुढचं पाऊल फार लांब पडतंय, तळपायाच्या एका लांबीइतकंच टाकू द्या. बॉल बाजूला जात असेल तर पुढच्या पायाची बोटं कुठे वळलीत ते बघा.

पुढे अमेरिकेत खेळायचा विचार असेल तर कागदांची काळजी आत्तापासून घ्या. पहिल्या श्रेणीसाठी नववी ते बारावीतले १६ मान्य विषय आणि किमान २.३ जीपीए (गुणांची सरासरी) लागतो. सॅटची अट २०२३ पासून नाही. म्हणजे नववीची गुणपत्रिकाही जपून ठेवायची. आणि बारावीनंतर 'बघू एक वर्ष' म्हणून इथल्या बी.कॉम.ला पूर्ण वेळ प्रवेश घेतलात तर पाच वर्षांची ती मुदत त्याच दिवशी सुरू होते, मग मुलगा तिकडे पोचो वा न पोचो. विद्यार्थी व्हिसावर अमेरिकेत काम करून कमाई करण्यावरही निर्बंध आहेत, तेव्हा जाहिरातीच्या पैशांवर फीचा हिशोब बसवू नका.

क्रिकेट मात्र सोडायला लावू नका. पॅट्रिक माहोम्स टेक्सस टेकमध्ये असताना बेसबॉलही खेळला आहे, आणि पाय जागेवर नसताना, अंग वाकडं असताना तो जे पास टाकतो त्यात तो हात दिसतो.